आवाजाखालचा आवाज

माझ्याकडे एक कॅसेट आहे. ती मी गेली कित्येक वर्षं लावलेली नाही, अन् फेकूनही दिलेली नाही. तिच्यावर मी बोलतो. वीस-बावीस मिनिटं, छाती फुगवून, असल्या जड मराठीत की आता ऐकलं तर माझं मलाच थोबाडीत द्यावंसं वाटेल. विषय काय, तर इराणी भाषांमध्ये साधन आणि सोबत कशी दाखवतात. आणि माझ्या त्या बोलण्याखाली, पार तळाशी, दुसरा एक माणूस बोलत असतो. मी श्वास घ्यायला थांबलो की तो जरासा वर येतो, मी सुरू झालो की खाली जातो. काय म्हणतो ते कळत नाही.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. टेपरेकॉर्डर जुना झाला की त्याचं पुसायचं हेड अधू होतं. वरून नवं भरलं तरी जुनं पुरतं जात नाही. दुरुस्तीवाल्यानं मला हे नीट समजावून सांगितलं होतं. समजलं, पण त्याचा काही उपयोग झाला नाही.

सत्तरच्या दशकात मी वर्ध्याच्या एका कॉलेजात संस्कृत शिकवत होतो. घर मूळचं वडनेरचं, शेतीवाल्यांचं. भाऊ नांगर-वखरात राहिले, मी एकटाच पुस्तकांच्या नादी लागलो. त्यातही कुठल्या, तर इराणकडच्या. संस्कृतात तृतीया विभक्ती दोन कामं करते. 'कुऱ्हाडीनं झाड तोडलं' यातली कुऱ्हाड तिच्या पदरात, आणि 'भावासोबत बाजारात गेलो' यातला भाऊही तिच्याच पदरात. जुन्या इराणीतही असंच होतं. पुढं ते प्रत्यय झिजले आणि एकेका लेकीनं आपापला संसार मांडला. फारसीनं एकच 'बा' ठेवला, चाकूलाही तोच, भावालाही तोच. बलुचीचा 'गोन'ही तसाच. पश्तोनं मात्र वाटणी केली, हत्याराला 'प' अन् माणसाला 'सरा'. तिकडं दूर उत्तरेच्या डोंगरात ओसेती म्हणून एक भाषा आहे, तिनं तर सोबतीसाठी निराळंच रूप घडवलं. ज्यानं काम होतं ती वस्तू आणि ज्याच्यासोबत दिवस काढायचे तो माणूस, यांना कोण एकत्र बांधतं आणि कोण वेगळं काढतं, या एका गोष्टीनं मला झपाटलं होतं. पीएच.डी. करायची ती यावरच.

आमचे प्राचार्य भर स्टाफरूममध्ये म्हणायचे, "आपल्या पोट्ट्याईले धड तृतीया चालवता येत नाई, अन् तुमी तिकडं इराणात काय करून राह्यले?" सगळे फिदीफिदी हसायचे. माझं डोकं जात्याच गरम. मी चहाचा कप तसाच ठेवून तरातरा निघून जायचो, आणि मग पूर्ण तास मुलांवर राग काढायचो.

पुस्तकांतून भाषा किती कळणार? बोलणारा माणूस हवा होता, आणि वर्ध्यात तो कुठून आणायचा? पण म्हणतात ना, देव द्यायला लागला की छप्पर फाडून देतो. एका हिवाळ्यात कॉलेजातून घरी आलो, तर ओट्यावर हिंगवाला बसलेला. उंच, दाढी पिकायला लागलेली, डोक्याला मळका फेटा. हा अफगाणिस्तानातून दर थंडीत यायचा, नागपुरात एका मुलुखवाल्या व्यापाऱ्याकडे उतरायचा आणि तिथून जिल्हाभर हिंग विकत फिरायचा. बायको त्याच्याशी घासाघीस करत होती आणि तो स्वतःशीच काही पुटपुटत होता. मी कान दिला. फारसी! मी त्याचा हात धरून त्याला घरातच ओढला आणि तिथंच विचारायला लागलो. चाकूनं कापलं याला काय म्हणता? भावासोबत आलो याला काय म्हणता? तो आधी घाबरला. त्याला वाटलं, मी पोलिसातला आहे.

माझी बायको तळेगावची, तोंडानं फटकळ. म्हणाली, "अहो, त्याले आधी जेवू तं द्या. मंग घ्या तुमची परीक्षा."

तिथून चार हिवाळे तो आमच्याकडे येत राहिला. बायको त्याला भाऊ म्हणायची, तो तिला बहनजी, मला मास्टर साहब. घरात पश्तो, बाजारात काबूलची फारसी आणि आमच्याशी मोडकी हिंदी. मला एका माणसात दोन भाषा मिळाल्या. मेहुण्यानं दिलेला टेपरेकॉर्डर चटईवर ठेवायचा आणि माझी वाक्यं त्याला एकेक करून विचारायची. काबूलच्या बोलीत तो चाकूलाही 'हमरा' म्हणायचा, म्हणजे सोबती. मी विचारलं, चाकू कसा सोबती? तो हसला. "रास्ते में अकेला आदमी, मास्टर साहब. चाकू नहीं तो और कौन साथी?" मला एवढा आनंद झाला की मी उठून बायकोला सांगायला स्वयंपाकघरात गेलो. ती म्हणाली, "भाजी करपून राह्यली, बाजूले व्हा."

माझी कामाची रीत पक्की होती. दिवसभर भरलेलं दुसऱ्या दिवशी ऐकायचं, साधन किंवा सोबत दिसली की थांबायचं, तेवढे शब्द चिठ्ठीवर उतरवायचे. चिठ्ठ्या म्हणजे जुन्या लग्नपत्रिका. त्यांची मागची बाजू कोरी असते. बायको गावोगावच्या पत्रिका जपून ठेवायची, मी कात्रीनं चौकोन कापायचो. समोर 'आमचे येथे श्रीकृपेकरून', मागं पश्तो. चिठ्ठ्या झाल्या की कॅसेट रिकामी समजायची आणि तिच्यावरच पुढचं भरायचं. माझ्याकडे कॅसेट होत्याच चार. आणि वाक्याबाहेर तो काही बोलू लागला, म्हणजे घर, जर्दाळूची झाडं, बर्फात अडकलेली मेंढरं, की मी बटण दाबून यंत्र बंद करायचो. तो बोलत राहायचा, बायको ऐकत राहायची, मी पुढची वाक्यं लिहीत बसायचो.

चौथ्या हिवाळ्यात तो आला तेव्हा उतरलेला दिसला. चहा घेतला, खोकला, आणि म्हणाला, "आज आपका जुमला नहीं, मास्टर साहब. आज मेरी बात भरो." जुमला म्हणजे माझी वाक्यं. पुढं त्यानं हिंदीत सांगितलं ते असं. मुलखात हाल ठीक नाहीत. मुलगा एकच, सोळाचा. त्याला सांगायच्या गोष्टी आहेत, पत्रात लिहिण्यासारख्या नाहीत आणि मला लिहिताही येत नाही. तो कधी आला तर ऐकवा. "अमानत है," तो म्हणाला. मी म्हटलं, "ज़रूर."

तो वीस-बावीस मिनिटं पश्तोत बोलला. बाहेर रस्त्यानं कापसाच्या गाड्या जिनिंगच्या कारखान्याकडे चालल्या होत्या, त्यांच्या आवाजातही तो थांबला नाही. मध्ये पाण्याचा घोट घेतला, पुन्हा बोलला. मी काय करत होतो? मी खुशीत होतो. आतापर्यंत मला सुटी वाक्यं मिळत होती, हे तर वाहतं बोलणं! त्याच्या वेगानं जाणारं पश्तो मला कळत नव्हतं. माझ्या यादीतली वाक्यं तेवढी यायची. संपल्यावर समोर बसलेल्या त्या माणसाला मी विचारलंसुद्धा नाही, की बाबा, काय सांगितलंस? बायकोनं त्याला वाटेत खायला तिळाचे लाडू बांधून दिले. तो गेला.

दुसऱ्या दिवशी मी पेन्सिल घेऊन बसलो. 'सरा' ऐकू आलं की थांब, मागं फिरव, लिही. 'प' आला की थांब, लिही. अकरा चिठ्ठ्या निघाल्या. 'ल मोर सरा', आईसोबत. 'ल काका सरा', काकासोबत. काका म्हणजे तिथंही काकाच. 'प लास', हातानं. 'प ज़ोर', बळानं. क्रियापदं मी लिहिली नाहीत. माझा विषय तो नव्हता.

कॅसेट मात्र मी बाजूला ठेवली, एवढी अक्कल होती. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या तोंडी परीक्षेचं पत्र आलं. परीक्षक बाहेरचे, आणि मी चारचौघांत बोलायला उठलो की त-त प-प करणारा. म्हटलं, आपलं भाषण भरून ऐकावं, म्हणजे चुका कळतील. रविवार होता, दुकानं बंद. तीन कॅसेटवर पुतण्याच्या लग्नाची गाणी भरलेली, ती पुसली असती तर वडनेरला पाय ठेवता आला नसता. चौथी उरली. मी ती यंत्रात घातली.

बायको गहू निवडत होती. मान वर करून म्हणाली, "ते त्या भाऊचं हाय ना?"

"कामाचं तेवढं काढून घेतलं मी."

"त्याच्या पोराचं हाय म्हनला होता तो."

"तुले काय समजते त्यातलं?" मी ओरडलो. "एक शब्द तरी समजला होता का तुले?"

ती पुन्हा गहू निवडायला लागली. मी बटण दाबलं आणि बोलायला सुरुवात केली. "इराणी भाषासमूहातील करण व सहार्थ यांचे..." काय तो आवाज माझा, आहाहा! परीक्षा झाली, डॉक्टर झालो, स्टाफरूममध्ये पेढे वाटले. प्राचार्यांनीही खाल्ले.

त्या थंडीत हिंगवाला आला नाही. तिकडं लढाई पेटल्याचं रेडिओवर रोज सांगत होते. पुढच्या थंडीतही आला नाही. तेव्हा एकदा मी सहज, आपलंच भाषण ऐकावं म्हणून कॅसेट लावली, आणि माझ्या आवाजाखाली तो निघाला.

मी भ्यालो, खोटं कशाला बोलू? बंद केली, पुन्हा लावली. होताच तो. यंत्र दुरुस्तीवाल्याकडे नेलं, त्यानं हेडचं सांगितलं, खोडरबरासारखं आहे म्हणाला. पण तेव्हापासून तो मला कॅसेटशिवायही ऐकू यायला लागला. दाढी करताना 'प लास'. हिंगणघाटच्या एसटीत खिडकीशी बसलो की 'ल मोर सरा'. हातानं काय? आईसोबत काय? पुढं काहीच नाही. नुसते अर्धवट शब्द घोंघावायचे, त्यांना शेवट नाही. वर्गात तृतीया शिकवायला उभा राहिलो की उदाहरण अर्ध्यातच सोडून द्यायचो. बायकोला सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार?

अशी चार-पाच वर्षं गेली. मग एका दुपारी दारात एक तरुण उभा राहिला. बावीस-तेवीसचा, अंगावर जुनं जाकीट, उंची तीच. तो काही बोलायच्या आत मला कळलं.

त्यानं अडखळत हिंदीत सगळं सांगितलं. वडील परत पोचलेच नाहीत, वाटेत कुठं नाहीसे झाले कुणाला ठाऊक नाही. गाव उठलं, आई आणि तो सरहद्दीपलीकडे पाकिस्तानात गेले. तिथं काकांनी त्यांना घरात घेतलं. आता आई काकांच्याच घरी आहे. पण त्याचं आणि काकांचं असं बिनसलं की तो घर सोडून निघाला. काका म्हणतात, तुझा बाप तुला माझ्या हवाली करून गेलाय, मी सांगीन तसं राहा. आई म्हणते, तुझे वडील त्यांच्या भावाला ओळखून होते, ते असं कधी म्हणणार नाहीत. तो हिंडत नागपूरला आला तेव्हा वडिलांच्या ओळखीच्या व्यापाऱ्यानं सांगितलं, तुझा बाप वर्ध्याच्या मास्तरच्या पेटीत तुझ्यासाठी बोलून ठेवून गेलाय. "वालिद साहब ने जो कहा होगा, वही करूँगा," तो म्हणाला. "काका के पास लौटूँ, या माँ को वहाँ से निकाल लाऊँ. आप सुना दीजिए."

बायको त्याला बघून पदरानं डोळे पुसत चहा टाकायला आत गेली. मी कॅसेट काढली. काय करणार होतो? लावली.

माझं भाषण सुरू झालं. तो आधी गोंधळला, माझ्याकडे बघायला लागला. मग त्याचा चेहरा बदलला. त्यानं स्पीकरला कान लावला, डोळे मिटले. माझ्या 'करण व सहार्थ' खाली त्यानं बाप ओळखला होता. "वही हैं," तो कुजबुजला. बावीस मिनिटं तो तसाच ओणवा बसून होता. पुन्हा लावायला सांगितली, पुन्हा ऐकली. तिसऱ्यांदा त्यानं माझा आवाज दूर सारायचा असल्यासारखा हात हलवला. एक वाक्यही त्याला सलग लागलं नाही.

मग मी चिठ्ठ्या आणल्या. अकरा. वाचून दाखवल्या. माझ्या तोंडून त्याच्या बापाचे शब्द ऐकताना त्याला कसं वाटलं असेल ते त्याचं त्यालाच माहीत. 'ल काका सरा' आल्यावर तो ताठ झाला.

"आगे?"

"आगे नहीं लिखा."

"काका के साथ क्या? रहना? न रहना? लड़ना? आपने तो कई बार सुना होगा, याद कीजिए."

मला माहीत नव्हतं. हे चार शब्द, 'मला माहीत नाही बाबा', म्हणायला काय लागत होतं? पण तो माझ्याकडे असा बघत होता. चार वर्षांचं ते घोंघावणं, ते अर्धे शब्द, सगळं डोक्यात एकदम उठलं, आणि मला वाटलं, आपण एक शेवट देऊन टाकला की हे थांबेल. काका म्हणजे घरचा माणूस, आपल्याकडे बाप काय सांगेल? काकाला धरून राहा असंच सांगेल. मी डॉक्टर होतो. मी ठासून म्हणालो, "रहना. काका के साथ रहना, यही कहा था."

त्यानं दीर्घ श्वास सोडला. माझे दोन्ही हात हातात घेतले आणि कपाळाला लावले. अकरा चिठ्ठ्या मागून घेतल्या, रुमालात बांधल्या. नागपूरची पॅसेंजर गाठायची म्हणून चहासुद्धा न घेता निघाला.

बायको कप घेऊन बाहेर आली. "गेला? काय म्हनला होता मंग त्याचा बाप?"

मी सांगितलं. तिनं कप खाली ठेवले.

"अहो, पन तो काका म्हनला तवा मी पाह्यलं ना त्याच्याकडं. एवढा एकच शब्द समजला मले, आपलाच असल्यावानी, म्हनून पाह्यलं. त्यानं दोनी कानाले हात लावले होते. असे. तौबा करते ना, तसे."

मी चिडलो. अजूनही चिडलो, बघा! "त्याचा अर्थ काहीही होतो. भावाशी भांडलो याची माफी मागत असंल."

"होऊ शकते," ती म्हणाली. "मी कुठं म्हनते मले समजलं म्हनून? पन तुमाले तरी कुठं मालूम होतं? काऊन सांगतलं मंग तुमी?"

मी सायकल काढली आणि स्टेशनकडे मारली. रस्त्यात रिक्षा, कापसाच्या गाड्या, पोट्टे, सगळ्यांना शिव्या देत गेलो. पॅसेंजर सुटून दहा मिनिटं झाली होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं नागपूर गाठलं, विचारत विचारत तो व्यापारी शोधला. हिंगाच्या डब्यांच्या मधे बसलेला म्हातारा. तरुण कालच दिल्लीच्या गाडीत बसला होता, तिथून पुढं सरहद्द.

"बड़ा खुश गया, मास्टर साहब," तो म्हणाला. "पहली बार हँसते देखा उसको. बोला, बाप का हुकुम मिल गया."

मी त्याला सांगायला तोंड उघडलं, आणि मला जमलं नाही. नुसतं म्हटलं, त्याचा पत्ता द्या, पत्र टाकायचं आहे. म्हातारा म्हणाला, पत्ता कसला, तंबूंची वस्ती, आज इथं तर उद्या तिथं. मुलाचं नाव तरी सांगा, मी म्हटलं. तो माझ्याकडे आश्चर्यानं बघायला लागला. एवढा वेळ घरात बसवून तुम्ही त्याचं नाव विचारलं नाही? नाही विचारलं. बापाचंही चार हिवाळ्यांत विचारलं नव्हतं. म्हाताऱ्यानं पोऱ्याला हाक मारली आणि माझ्यासाठी चहा मागवला.